मागच्या खोलीची मांडणी

३ मार्च, सोमवार

अप्पा आज जिन्यात सापडले.

आजच लिहून ठेवते. उद्यापर्यंत मी याचं काहीतरी सौम्य रूप करून टाकीन. दुपारी खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंचा ऑफिसात फोन आला. "तुमचे वडील पायरीवर बसलेत. वर चला म्हटलं तर म्हणतात, मी घरातच आहे."

न्हाणीघरातून बाहेर पडून ते उजवीकडे वळले होते. अप्पांच्या विकलेल्या जुन्या घरात उजवीकडे वळलं की घर सुरू व्हायचं. आमच्याकडे उजवीकडे बाहेरचं दार आहे, आणि त्यापुढे जिना. कडी लावायची मी विसरले होते की लेक, यावर आमचं आत्ताच भांडण झालं. बहुतेक मी.

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला आहे, कडेकडेचं थोडं दिसतं. समोरच्या माणसाचं तोंड नाहीसं होतं आणि कान उरतात, असं ते सांगतात. "ठमे, तू म्हणजे सध्या दोन कान आणि एक आवाज." डॉक्टर म्हणतात, कडाही हळूहळू जातील.

संध्याकाळी दादाचा फोन आला. जिन्याचं त्याला कुणी सांगितलं? लेकीनंच, दुसरं कोण. त्याने एक संस्था बघून ठेवली आहे. दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्यांसाठीच आहे, एप्रिलच्या सुरुवातीला एक खोली रिकामी होते आणि महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचं आहे.

"तू दिवसभर ऑफिसात, तुझा नवरा दिवसभर दुकानात, पोरगी कॉलेजात. आज पायरीवर बसलेले सापडले, उद्या पायरीखाली सापडतील."

मी म्हटलं, अप्पा कुठेही जाणार नाहीत. फोन ठेवला आणि मग सुचलं की हे अप्पांना विचारायला हवं होतं. पण ते तोवर झोपले होते.

५ मार्च, बुधवार

एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. आम्ही त्यांचं स्वयंपाकघर नवं करून दिलं त्याला बरेच दिवस झाले, तरी त्या अजून भाजीची देठं जमिनीवर टाकतात. जुनी बादली जिथे असायची, बरोब्बर तिथे. "मला वेड लागलंय का हो?" मी म्हटलं, "नाही. तुमचा हात अजून जुन्या घरात राहतोय."

बोलून गेले आणि फोन तसाच कानाला धरून बसले.

अप्पा खोलीत शिरताना दाराच्या चौकटीपलीकडे उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर भिंत चाचपडतात. आल्यापासून मी हे बघते आहे. गाईची पाठ थोपटावी तशी भिंत थोपटतात, तिथे काही नसतं, मग हात खाली येतो. आज लख्ख कळलं. जुन्या घरात मागच्या खोलीत दिव्याचं बटण तिथेच होतं! अप्पांचा हात तिथेच राहतोय. मग हाताला घर सापडेल अशी खोलीच का करून देऊ नये?

लोकांची स्वयंपाकघरं आखून देणं हे माझं काम आहे. इतकी वर्षं परक्या बायकांच्या हातांचा विचार केला, बापाच्या हाताचा आज केला.

जेवणाच्या सुट्टीत कागद घेतला आणि मागची खोली सरसर उतरली. पलंग, त्याचं डोकं कुठल्या भिंतीला, खिडकीखालचं टेबल, खुर्ची, भिंतीतलं कपाट, दार कुठल्या अंगाला उघडायचं ते. गिऱ्हाइकाच्या घरी मी मापं पुन्हा पुन्हा घेते, कारण माझा स्वतःवर विश्वास नसतो. इथे एकदाही अडले नाही.

आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की आधी विचारा, तुमचा हात कुठे जातो? अप्पांना मात्र विचारणार नाही. विचारलं की म्हणतील, कशाला त्रास घेतेस.

हे अप्पांसाठी करते आहे की दादाला खोटं पाडायला? दोन्ही. प्रमाण सांगता येणार नाही.

८ मार्च, शनिवार

दिवसभर घरात धूळ. वायरमन सारखा विचारत होता, "बाई, चालू बटण आहे ते काढून उजवीकडे कशाला?" मी म्हटलं, वडिलांना सवय आहे. तो म्हणाला, "त्यांना तर दिसत नाही म्हणता. मग दिवा कशाला?" मी रागावले आणि त्याला चहा विचारायचा राहिला.

पलंग फिरवला. दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या अंगाला घेतल्या. जुन्या सामानाच्या बाजारातून एक टेबल आणलं. आमच्या जुन्या टेबलाचा जुळा भाऊ म्हणता येईल असं, नुसता रंग वेगळा. ते खिडकीखाली लावलं.

ही खोली खरं तर लेकीची. ती अप्पा आल्यापासून बैठकीत सोफ्यावर झोपते. आज दारात उभी राहून बघत होती. "आई, माझी एखादी वस्तू शिल्लक ठेवणारेस का? पुरावा म्हणून?"

नवरा दुकानातून आला, वाकून खोलीत डोकावला. "हे घर आहे की नाटकाचा सेट?"

"तू औषधं विक."

"विकतोच. तुला कुठलं देऊ?"

अप्पांना मी हात धरून आत नेलं. त्यांनी भिंत थोपटली आणि हाताखाली बटण आलं. ते तसेच थांबले, मग बटण खाली-वर केलं. दिवा लागला, गेला, लागला.

"अप्पा, ओळखलीत का खोली?"

"ओळखली तर." पुढे म्हणाले, "केवढा खटाटोप केलास ठमे."

मी खूप दमले आहे, पण हे दमणं चांगलं आहे. अप्पांच्या चेहऱ्यावर आनंद होता. आनंदच होता. दुसरं काय असणार?

११ मार्च, मंगळवार

अप्पांच्या गुडघ्याला टेबलाचा कोपरा लागला. कपाटाऐवजी भिंतीवर हात आपटला. मला वाटलं होतं लगेच फरक दिसेल. सवय मेंदूत कुठेतरी खोल असते, वर यायला वेळ घेते. असं मी स्वतःला समजावते आहे.

संध्याकाळी विचारत होते, "ही खुर्ची इथे कशी?"

"तिथेच असायची ना अप्पा. टेबलाच्या डाव्या अंगाला. दादा तिच्यावर उभा राहून माळ्यावरचे डबे काढायचा."

"हो, हो. असायची." मग हसून म्हणाले, "मी जन्मभर पोरांना भूगोल शिकवला. नकाशात सगळं बरोबर असतं, पाय तेवढा खड्ड्यात पडतो."

१४ मार्च, शुक्रवार

ऑफिसात चूक झाली. एका आराखड्यात ओट्याची उंची चुकीची गेली. साहेबांनी नुसतं बघितलं. त्यापेक्षा बोललेले बरे.

आता स्वयंपाकघरही थोडं हलवलं आहे. अप्पांना स्वतःचा चहा स्वतः करायची सवय, म्हणून चहाचा डबा, साखर, गाळणं, पेले जुन्या घरात असायचे त्या जागांवर नेले. घरात ओरड आहे. नवऱ्याने आज चहात मीठ घातलं आणि गप्प पिऊन टाकला, मला कळावं म्हणून. लेक म्हणते, "आपल्या घरात आता फक्त आईला सगळं सापडतं."

हे खरं आहे, आणि नवल आहे. डोळे मिटून हात घातला तरी साखरेवर पडतो. इतकी वर्षं ज्या मांडणीत स्वयंपाक केला ती मीच विचार करून आखलेली होती, तरी तिथे दरवेळी क्षणभर थांबावं लागायचं. आता थांबावं लागत नाही. अप्पांसाठी केलं आणि फायदा मला झाला, याची थोडी लाज वाटते.

आणखी एक. काल अप्पांना नवरा खाली फिरायला घेऊन गेला होता, तेव्हा त्यांच्या पलंगावर टेकले आणि झोपच लागली. गेल्या कित्येक महिन्यांत अशी झोप नाही. नवरा सांगतो, परत आल्यावर अप्पा म्हणाले, "झोपू दे तिला," आणि बाहेर सोफ्यावर बसून राहिले. मला त्या खोलीत झोप का लागावी? गादी तीच आहे. बहुधा खिडकीतून येणारा वारा.

१६ मार्च, रविवार

दादा आला. येतानाच संस्थेचं माहितीपत्रक घेऊन आला होता, ते टीपॉयवर उलटं ठेवलं. त्याचा हा जुना डाव. माणूस उलटा कागद सुलटा करतोच.

मी म्हटलं, "आधी खोली बघ."

तो दारात उभा राहिला. मग आत गेला, खिडकीखालच्या खुर्चीत बसला. दादाचं वजन आता चांगलंच वाढलंय, खुर्ची कुरकुरली. टेबलाच्या कडेवरून त्याने हात फिरवला.

"ठमे, हे... अगदी हुबेहूब आहे."

"मग?"

"आई इथे बसायची ना? पलंगाच्या या कोपऱ्यावर. निवडायचं ताट मांडीवर घेऊन."

"त्या नाही, या कोपऱ्यावर. तिथे उजेड यायचा नाही."

"हो, बरोबर. याच." त्याने मान वळवून सगळी खोली बघितली. "जागा कमी आहे तरी तसंच वाटतं. कसं केलंस?"

अप्पा पलंगावर बसून आम्हा दोघांच्या आवाजांकडे आळीपाळीने मान वळवत होते. दादाने विचारलं, "अप्पा, बरं वाटतंय ना इथे?"

"तुम्ही दोघं एकदाचे भांडायचे थांबलात. बरं का नाही वाटणार?"

जाताना दादा दारात म्हणाला, "हे बघ, मला काय हौस नाही त्यांना तिकडे टाकायची. महिनाअखेरपर्यंत एकही घोटाळा झाला नाही, तर मी त्या खोलीला नको म्हणून कळवतो. पण एक जरी पडझड झाली, तरी मग मला वाईट ठरवायचं नाही."

मी कबूल केलं. जुन्या घराच्या विक्रीचं सगळं त्यानेच केलं होतं. मी सहीपुरती गेले होते आणि आत न जाता गाडीतच बसून राहिले, कामाचे फोन होते. आज प्रथमच त्याचा राग आला नाही.

माहितीपत्रक तो विसरून गेला. म्हणजे ठेवून गेला.

२० मार्च, गुरुवार

सगळं सुरळीत आहे. मी घरी येते तेव्हा अप्पा टेबलाशी खुर्चीत बसलेले असतात, हात टेबलावर ठेवलेले. थोडा दम लागलेला असतो. या वयात बसल्या जागीही लागतो.

लेक दोन दिवस घुम्यासारखी आहे. विचारलं तर म्हणते, परीक्षा.

२१ मार्च, शुक्रवार

अप्पा पडले. मनगट मोडलंय. बारीक तडा आहे, पण मोडलंय. प्लास्टर घातलं.

एवढंच लिहिते.

२३ मार्च, रविवार

आता नीट लिहिते. जसं घडलं तसं लिहायचा प्रयत्न करते.

शुक्रवारी दवाखान्याच्या बाकड्यावर लेक माझ्याशेजारी बसली होती. आत प्लास्टर चाललं होतं. मी म्हणत होते, "टेबलाजवळ पडले म्हणजे काय? टेबल कुठे आहे हे त्यांना पाठ आहे. हात ठेवून बसतात तिथे रोज."

ती म्हणाली, "तू येतेस तेव्हा बसतात."

"म्हणजे?"

"आई, तू ओरडू नकोस. तू गेलीस की आजोबा टेबल ओढून कपाटाच्या बाजूला नेतात. खुर्ची पण. मधे सगळं मोकळं करतात आणि मग मस्त फिरतात. कुठे आपटत नाहीत. आणि तुझी यायची वेळ झाली की परत सगळं खिडकीखाली लावतात. मी मदत करते म्हटलं तर करू देत नाहीत, म्हणाले, आवाज करतेस तू. परवा तुझी गाडी लवकर आली तेव्हा त्यांची केवढी धावपळ झाली!"

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी वचन घेतलं होतं. म्हणाले, तुझी आई हौसेनं करतेय, मन मोडू नये."

शुक्रवारी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले होते आणि तसं कळवायला घरी फोन केला होता. तो अप्पांनी घेतला. मी म्हटलं, अप्पा, येतेच आहे. घाईघाईत टेबल ओढताना पाय सतरंजीत अडकला. ती सतरंजीही मीच घातली होती. आमच्याकडे तशीच होती म्हणून.

दादाला कळवलं. तो ओरडला नाही. "मी त्यांना हो सांगू का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, अप्पांना एकदा दाखव आणि सांग.

आज सकाळी अप्पांना चहा द्यायला गेले. टेबल मी आल्यावर कपाटाजवळ सरकवलं होतं. त्यांना ते कळलं असावं, कारण हात हवेत फिरवून म्हणाले, "राणीसरकारांनी फितुरी केली वाटतं." लेकीला ते राणीसरकार म्हणतात.

"अप्पा, तुम्ही मला सांगायचं होतंत. टेबल नको होतं तर."

"नको असं नाही गं. पण ते असं कधी नव्हतंच."

"खिडकीखालीच होतं!"

"तुम्ही पोरं होतात तेव्हा." त्यांनी पेला डाव्या हाताने चाचपून घेतला. "तुझी आई गेल्यावर मी मागच्या खोलीत झोपलोच नाही. पुढे गादी टाकायचो, भिंतीशी. टेबल शेजारणीच्या पोराला अभ्यासाला देऊन टाकलं. मागची खोली बंदच असायची."

"आम्ही यायचो तेव्हा तर पलंग घातलेला असायचा. टेबलही असायचं."

"तुम्ही येणार असलात की मांडायचो. टेबल त्याच्याकडून मागून आणायचो दोन दिवसांकरता. पोरगा शहाणा, कुरकुर करायचा नाही." ते हसले. "तुम्हा दोघांना तिथे गेल्यावर कसं बरं वाटायचं. तू तर पिशवी टाकून तडक पलंगावर. मग मी म्हणायचो, असू दे."

मग मी विचारलं, "आणि दिव्याचं बटण? तुमचा हात जातो ना तिथे, भिंतीवर?"

"दिवा होय? दिवा मला कशाला? पुढच्या खोलीत दाराशी फळीवर रेडिओ होता. घरात शिरलं की आधी तो लावायचो. रिकाम्या घरात शिरायचं म्हणजे कुणीतरी बोलत असलेलं बरं."

हे सगळं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला वाटलं, मी उगीचच रडते आहे. त्यांना माझं तोंड दिसत नाही हे बरं. पण त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "नाक ओढू नकोस. सर्दीचं औषध घे, नवऱ्याच्या दुकानात मिळतं."

२६ मार्च, बुधवार

ऑफिस. प्लास्टरमुळे अप्पांना भरवावं लागतं. डाव्या हाताने सांडतात आणि मग त्यांना राग येतो, माझा. अंगात काही उरलेलं नाही. बसल्या जागी डोळे मिटतात आणि मिटले की झोप येत नाही.

मी काय चुकले, हे पुन्हा पुन्हा तपासते आहे. त्यांच्या हाताचा विचार केला, हे बरोबर होतं. विचारलं नाही, हे चूक होतं. एवढंच? इतकं साधं असेल तर दादाही आत आल्यावर "हुबेहूब" का म्हणाला? दोन माणसं सारखंच कसं चुकतील? पुढे जाऊन विचार करवत नाही.

पुढे संस्था. रविवारी बघायला जायचं आहे. अप्पा म्हणाले, "चला, बघू तरी. मला कुठे दिसायचंय?"

३० मार्च, रविवार

संस्था वाईट नाही. हे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे, कारण मी वाईट असावी अशी इच्छा धरून गेले होते. लांब व्हरांडा, भिंतीला धरायला लाकडी कठडा, सगळीकडे फिनेलचा वास. व्यवस्था बघणाऱ्या बाई भरभर बोलणाऱ्या पण माणुसकीच्या. खोलीत एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची.

दादा वर्णन करत होता. "ऐसपैस आहे, अप्पा. ऊन येतं. बाहेर झाड आहे."

"कसलं?"

दादाला झाडातलं काही कळत नाही. "मोठं आहे," तो म्हणाला.

मी दारातून म्हटलं, "पलंग जर इकडच्या भिंतीला घेतला तर..." आणि लेकीने माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी थांबले.

अप्पा म्हणाले, "तुम्ही सगळे जरा बाहेर थांबता का? बाई, तुम्हीसुद्धा."

आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. दादा घड्याळ बघत होता, बघत नाही असं दाखवत. आतून काही आवाज आला नाही. शेजारच्या खोलीतले एक आजोबा कठडा धरून आले, आम्हाला म्हणाले, "नवीन का? सांगा त्याला, इथला चहा पातळ असतो," आणि तसेच पुढे गेले.

अप्पा बाहेर आले. "खोली चांगली आहे," ते म्हणाले. "चला."

गाडीत दादाने विचारलं, "मग अप्पा, कळवू का त्यांना?"

"सांगतो. मी आत गेलो आणि सगळीकडे हात फिरवला. कुठेही काही लागलं नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुणी काही मांडून ठेवलेलं नाही. मला वाटलं, इथेच राहावं."

मी खिडकीबाहेर बघत होते. दादा म्हणाला, "मग ठरलं."

"अरे थांब. बोलणं संपू दे. मग मी बाईंना विचारलं होतं ना, चहा लागला तर? त्या म्हणाल्या, घंटा वाजवायची, मुलगी आणून देईल. ते आठवलं. मला घंटा वाजवून चहा नकोय. मला माझा चहा करायचाय. सांडला तर सांडला." मग माझ्या दिशेने मान वळवून म्हणाले, "ठमे, अशी रिकामी खोली तुझ्याकडे होऊ शकते का?"

मी हो म्हणाले.

"नुसतं हो नाही. त्यात काय ठेवायचं ते मी ठरवणार. कुठे ठेवायचं ते मी. चार दिवस काहीच नाही ठेवलं, तरी तू मधे पडायचं नाहीस. आणि आत यायच्या आधी दार वाजवायचं."

"अप्पा, दाराचं काय..."

"वाजवायचं," ते म्हणाले.

दादाने संस्थेला फोन करून महिनाभर थांबायची विनंती केली. थांबतील, पण नक्की नाही. तो दिवसातून दोनदा मला फोन करणार आहे. पाठीत खुपसलेल्या बोटाबद्दल लेकीला घरी आल्यावर रागवायचं ठरवलं होतं. राहून गेलं.

२ एप्रिल, बुधवार

खोली रिकामी केली. पलंग, टेबल, खुर्ची, सतरंजी सगळं बैठकीत आणलं. बैठकीतून चालायला जागा नाही. नवरा म्हणतो, आता सेटच्या मागे राहायची सवय करू. खोलीत फक्त गादी आहे, जमिनीवर. अप्पा भिंतीला पाठ लावून बसतात, उठतात, फिरतात, पुन्हा बसतात. काय चाललंय ते विचारायचा मला हक्क नाही.

मी आता त्या खोलीत झोपू शकणार नाही. तसं काही कारणही नाही.

स्वयंपाकघरातल्या वस्तू अजून तशाच आहेत. परत हलवाव्यात असं रोज ठरवते.

७ एप्रिल, सोमवार

ऑफिसातून आले. पाय सुजलेले. संध्याकाळ झाली होती, घरात दिवे नव्हते, लेक क्लासला गेलेली. अप्पांचं दार बंद होतं. कडीला हात घातला, मागे घेतला आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"थांब जरा."

मी खांद्यावर पिशवी तशीच ठेवून माझ्याच घरात दाराबाहेर उभी राहिले. आत काय चाललं होतं ते मला माहीत नाही. काहीतरी उचललं गेलं, काहीतरी ठेवलं गेलं. ते माझ्यासाठी होतं की त्यांच्यासाठी, हेही कळायला मार्ग नव्हता. विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

"ये आता."

आत गच्च अंधार होता, खिडकीला जाड चादर टांगलेली. का टांगली असावी? मी दोन पावलं टाकली आणि नडगीला सणसणीत काहीतरी लागलं.

"आई गं!"

"लागलं?" गादीच्या बाजूने त्यांचा आवाज आला, अगदी निवांत. "सकाळी तुझ्या नवऱ्याकडून टेबल आत घेतलं. मधोमध बरं पडतं. भोवतीने फिरता येतं."

"अप्पा, दिवा लावू का?"

"तुला हवा असेल तर लाव. मला कडेचा उजेड फसवतो, म्हणून चादर."

मी नाही लावला. दमले होते, बटणापर्यंत परत जायचा कंटाळा आला, दुसरं कारण नाही. "कुठे बसू?" मी विचारलं.

"हात फिरव. मिळेल काहीतरी."

मी हात पुढे करून अंधारात वाकले. टेबलाची कड लागली, मग काहीच नाही, मग काहीतरी मऊ. ते काय होतं कोण जाणे. मी त्याच्यावर बसले.